कड्याकडे तोंड करून



मागच्या खेपेला शेवया आणि उडदाच्या पापडांबद्दल लिहिलं, तेव्हा शेवटी सहज म्हटलं होतं की फेब्रुवारीत मांगीतुंगीला जाऊन आले. त्यावर बऱ्याच जणींनी विचारलं, "डोंगरावर ध्यान कसं लागलं ते सांगा ना." खरं सांगू? मला वाटलं होतं तसं अजिबात लागलं नाही. लिहायला इतके दिवस लागले तेही त्यामुळेच. जे झालं ते सांगायचं तर घरातली एक गोष्ट उघड करावी लागणार होती, आणि तेवढा धीर होत नव्हता.

आमच्या बस्तीत बायकांचं स्वाध्याय मंडळ आहे. दर मंगळवारी दुपारी भांडी-झाकपाक आटोपून आम्ही सोळा-सतरा जणी जमतो. आमच्यातल्याच एक ताई रोज सकाळी योगासनंही घेतात. गेल्या चातुर्मासात आचार्य शुभचंद्रांचा 'ज्ञानार्णव' वाचायला घेतला होता. ध्यानाला कुठे बसावं हे त्यात सांगितलंय: सिद्धक्षेत्र, समुद्राचा काठ, वन, पर्वताचं शिखर, गुहा. ते वाचून होतंय तोच मागून एक आवाज आला, "आणि आपण बसतोय फ्लॅटच्या हॉलमध्ये, पंख्याखाली, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत!" सगळ्या हसल्या. पण बोलणं मनाला लागलं. त्याच दुपारी मांगीतुंगी ठरलं.

मला जायचं होतं त्याचं आणखी एक कारण होतं. तीन वर्षं माझं सामायिक नीट होत नव्हतं. अठ्ठेचाळीस मिनिटं बसायची मी, पण बसायची ती फक्त घड्याळापुरती. चारही दिशांना णमोकार, आवर्त, नमस्कार सगळं यथासांग व्हायचं. डोळे मिटले की मात्र एकच गोष्ट समोर यायची: कपाटातला एक कागद.

तो कागद माझ्या धाकट्या भावाने पाठवलेला. आमचं माहेरचं घर कृष्णाकाठच्या एका लहान गावात. वडील गेल्यावर घराच्या उताऱ्यावर आईचं, भावाचं आणि माझं नाव लागलं. आई गेल्यावर एक दिवस कुरिअरने पाकीट आलं. आत हक्कसोड पत्र. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली मारलेली. बरोबर एक चिठ्ठीसुद्धा नाही, फोनही नाही. मला घर नको होतं हो. तोंडाने मागितलं असतं तर त्याच्या मांडीवर बसून सही केली असती. पण ती पेन्सिलची फुली मनाला झोंबली. मी सहीही केली नाही आणि नकारही कळवला नाही. पाकीट पैठणीच्या घडीखाली ठेवलं. त्याचाही फोन आला नाही. बघता बघता चौदा महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

त्या वर्षी क्षमावाणीच्या दिवशी मी फोनवर दोनशे जणांना 'उत्तम क्षमा' पाठवलं. दूधवाल्याला पाठवलं, गॅस एजन्सीतल्या माणसाला पाठवलं. भावाच्या नावावर आले, दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. म्हटलं, आधी त्याचा येऊ दे. त्या मार्गशीर्षात पहाटे पावणेपाचला भाचीचा फोन आला. अंघोळीला गेला होता, तिथेच कोसळला. वय ४९.

तेव्हापासून सांत्वनाला येणारे म्हणायचे, "अक्का, धीर धरा." मी धीर धरलेलाच होता. रडू येत नव्हतं हीच तर अडचण होती. वाटायचं, कुठेतरी लांब, मोठ्या मोकळ्या जागेवर जाऊन बसलं तर हे आतलं गच्च झालेलं सुटेल.

आमची मिनी बस रात्री निघाली आणि पहाटे नाशिक मागे टाकून सटाण्याच्या रस्त्याला लागली. बागलाण म्हणजे डाळिंब, द्राक्षं आणि कांदा. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवी शेतं, चाळी, गोण्या भरलेले ट्रॅक्टर. आमच्यातल्या निम्म्या जणींनी जन्मात कांदा तोंडात घातलेला नाही. एक जण खिडकीतून बघत म्हणाली, "ज्या गावाला जायचं नाही त्या गावाचा रस्ता किती हिरवागार असतो बघा!" ताहाराबाद मागे पडलं आणि समोर ती दोन टोकं दिसली. बसमध्ये एकदम सामसूम झाली.

फोटोत बघून कल्पना येत नाही. सह्याद्रीची सेलबारी म्हणून रांग आहे, तिच्या माथ्यावर काळ्या कातळाचे दोन सुळके सरळ उभे. एक मांगी, एक तुंगी, मधे खिंडीसारखी धार. दोन्हींची उंची ४,३०० फुटांहून जास्त. पावसाळ्यातलं गवत वाळून पिवळं झालेलं, आणि त्या पिवळ्यातून काळे कडे वर आलेले. मांगीच्याच डोंगराच्या पाषाणात भगवान ऋषभदेवांची १०८ फुटांची उभी मूर्ती घडवली आहे. २०१६ साली तिची प्रतिष्ठापना झाली. पण जागेचं माहात्म्य त्याच्या कितीतरी आधीचं. निर्वाणकांडात राम, हनुमान, सुग्रीव आणि नव्व्याण्णव कोटी मुनी इथून मोक्षाला गेले असं सांगितलंय. म्हणून हे सिद्धक्षेत्र.

पायथ्याच्या धर्मशाळेत त्या दिवशी आराम केला. सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकली. मी घरून दुधातल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी (लसूण नाही हे सांगायला नको) आणि मेतकूट नेलं होतं. दशम्या दोन दिवस सहज टिकल्या. आठ वाजता दिवे बंद.

पहाटे चारला चढायला सुरुवात केली. साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या आहेत. आमच्यातल्या ७४ वर्षांच्या आजींसाठी डोली केली होती, बाकी सगळ्या पायी. बऱ्याच जणी अनवाणी. हातात बॅटऱ्या, आणि पायापुढच्या चार हात जमिनीवर नजर, कारण अंधारात किडामुंगी पायाखाली येऊ नये. एरवी ईर्या समिती मुनिमहाराजांसाठी, आपण ती पोथीत वाचतो. पण अंधारात दगडी पायऱ्या चढताना कळलं, चार हातांपलीकडे बघायचं नसलं की डोकं किती शांत राहतं. किती चढलो, किती राहिलं, काही प्रश्नच नाही. पुढची पायरी तेवढी आपली. मधूनमधून कुणीतरी णमोकार म्हणायला लागायचं, मग धाप लागून थांबायचं.

वर पोचलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटत होतं. आणि वारा! मांगी आणि तुंगीच्या मधल्या धारेवर वारा दोन्ही बाजूंनी यायचा. ताईंनी सपाट जागा बघितली. आधी आम्ही ओढणीच्या टोकाने हलक्या हाताने जमीन झाडली, मुंग्यांची एक रांग होती ती सोडून सतरंज्या अंथरल्या. एकीने नवीकोरी रबरी चटई आणली होती. ती अंथरताच फडफडून उडाली आणि खालच्या झुडपात जाऊन अडकली. तिचा चेहरा बघून हसावं की रडावं कळेना.

ताडासन ठीक झालं. वृक्षासनाला मात्र सगळ्यांची दैना. घरात मी एका पायावर मिनिटभर सहज उभी राहते. इथे पाय उचलला की वाऱ्याने ढकललंच. नजर स्थिर ठेवायला समोर भिंतीवरचा ठिपका नाही, कॅलेंडर नाही. समोर दरी, तिच्या पलीकडे डोंगर, त्यापलीकडे निळसर आणखी डोंगर. साल्हेर तिकडेच, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. नजर जितकी लांब जाईल तितका तोल जास्त जायचा. ताई म्हणाल्या, "लांब बघू नका. नाकाच्या शेंड्यावर या." मग उभ्यानेच कायोत्सर्ग केला. दोन पावलांत चार अंगुळांचं अंतर, हात सैल सोडलेले, सत्तावीस श्वासोच्छ्वासांत नऊ णमोकार.

हा कायोत्सर्ग मी लहानपणापासून करते. बस्तीत, घरात, प्रवासात. काया सोडणं म्हणजे काय, हे शब्द म्हणून माहीत होतं. त्या धारेवर पहिल्यांदा अंगाला कळलं की वाऱ्याशी भांडलं की पडायला होतं आणि गुडघे सैल सोडले की उभं राहता येतं. पदर फडफडत होता, डोळ्यांतून गार वाऱ्याने पाणी येत होतं. भगवान बाहुबली वर्षभर असे उभे राहिले, पायांवर वेली चढल्या, हे आपण किती सहज सांगतो! मला सत्तावीस श्वास पुरे करणं जड गेलं.

सूर्य वर आला. सगळ्यांनी फोन काढले. दहा मिनिटं फोटोच फोटो. मीही काढले, खोटं कशाला बोलू. मग ताईंनी सगळ्यांना पूर्वेला तोंड करून बसवलं आणि पिंडस्थ ध्यान घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 'ज्ञानार्णवा'त याच्या पाच धारणा आहेत. पहिली पार्थिवी: सगळा मध्यलोक शांत क्षीरसमुद्र आहे, त्यात हजार पाकळ्यांचं कमळ, मधे मेरूसारखी कर्णिका, तिच्यावरच्या सिंहासनावर आपण बसलोय. दुसरी आग्नेयी: नाभिकमळातून ज्वाळा उठते आणि हृदयातल्या आठ पाकळ्यांच्या कमळाला, म्हणजे आठ कर्मांना, जाळून टाकते. तिसरी वाऱ्याची: ती राख उडून जाते. चौथी पावसाची: उरलंसुरलं धुऊन निघतं. पाचवीत राहतो तो शुद्ध आत्मा.

घरी बसून हे चित्र डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडतात. इथे सगळं तयारच होतं. खाली दरीत पांढरं धुकं पसरलेलं, तोच क्षीरसमुद्र. आपण बसलोय त्याच्या मधोमध उंच. तोंडावर कोवळं ऊन. मला वाटलं, आता लागणार ध्यान. याचसाठी आलो होतो.

ताईंचा आवाज वाऱ्यात अर्धाच ऐकू येत होता. "आता अग्नी... हृदयकमळ जळतंय..." आणि माझ्यासमोर कसलं कमळ आणि कसलं काय, कृष्णाकाठचा घाट आला. ती मार्गशीर्षातली सकाळ, भाच्याचा थरथरणारा हात, ओली लाकडं धुमसणारी. मी त्या दिवशी लांब उभी होते, तेच लांबून दिसत होतं. ताई म्हणाल्या, "आता वारा सुटलाय, राख उडतेय..." वारा तर खरोखरच सुटला होता. माझ्याने बसवेना. सामायिकाचं आसन मधेच सोडू नये हे मला माहीत आहे. तरी मी उठले. ताईंनी डोळे उघडून बघितलं, काही बोलल्या नाहीत.

मी मांगीच्या परिक्रमेच्या वाटेला लागले. सुळक्याच्या पायाशी कड्याला बिलगून अरुंद वाट आहे. एका हाताला कातळ, त्यात कोरलेल्या मूर्ती, लहान गुंफा. दुसऱ्या हाताला खाली दरी. डोलीतून आलेल्या आजी ध्यानाला न बसता आधीच तिकडे गेल्या होत्या. एका मूर्तीपुढे त्या हात जोडून उभ्या होत्या. जवळ गेले तर मूर्तीचा चेहराच दिसेना. पाठ आपल्याकडे, तोंड कड्याकडे.

मी म्हटलं, "आजी, हे बलभद्रमुनी ना?"

"होय गं. बघ की, एवढा मुलूख पसरलाय आणि हा बसलाय दगडाकडं तोंड करून."

"का बरं?"

आजी म्हणाल्या, "बघायचं ते बघून झालं असेल त्याचं."

बलभद्र म्हणजे कृष्णाचा थोरला भाऊ, बलराम. आपल्या हरिवंशपुराणातली ही कथा मी लहानपणी वडिलांच्या तोंडून ऐकली होती, माझ्याबरोबर धाकटाही असायचा. द्वारका जळल्यावर दोघे भाऊ वनात आले. कृष्णाला तहान लागली म्हणून बलराम पाणी आणायला गेला. तेवढ्यात झोपलेल्या कृष्णाच्या पायाला जरत्कुमाराचा बाण लागला. बलराम पाणी घेऊन आला, त्याला वाटलं भाऊ झोपलाय. हाका मारल्या. तरी उठेना. मग त्याने त्याला खांद्यावर घेतलं आणि हिंडत राहिला. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सहा महिने. त्याला अंघोळ घालायचा, खाऊ घालायचा, त्याच्याशी बोलायचा. कुणी मेला म्हटलं की चिडायचा.

शेवटी त्याचा पूर्वीचा सारथी सिद्धार्थ, जो मरून देव झाला होता, त्याला समजवायला आला. त्याने खडकावर कमळ लावायचं नाटक मांडलं. बलराम म्हणाला, "वेड्या, खडकावर कधी कमळ उगवतं का?" तो म्हणाला, "तुझा भाऊ उठेल तेव्हा उगवेल." तेव्हा कुठे बलरामाचे डोळे उघडले. त्याने भावाला खाली ठेवलं. दहन केलं ते याच तुंगीगिरीवर. मग दीक्षा घेतली.

लहानपणी ही कथा ऐकताना धाकटा नेहमी विचारायचा, "अण्णा, पण त्याला जड नाही झालं?" वडील हसायचे. मी त्याला चिमटा काढायची, गोष्ट मोडतोस म्हणून.

आजी पुढे गेल्या. मी तिथेच, मूर्तीपासून थोडी बाजूला, कड्याकडे तोंड करून बसले. पाठीमागे सगळा सूर्योदय, धुकं, डोंगररांगा. समोर एक हातावर काळा दगड. त्यावर पाण्याचा जुना ओघळ, एक बारीक भेग, भेगेतून जाणाऱ्या मुंग्या. बघण्यासारखं काहीच नाही. आणि तिथे, दगडाशी नाक लावून बसल्यावर, मला तीन वर्षांत पहिल्यांदा समोरचं दिसलं. मी भावासाठी रडत नव्हते, कारण माझ्या हिशेबात आमचं भांडण अजून चालूच होतं. त्याने आधी बोलावं याची मी वाट बघत होते. जो गेलाय त्याच्या फोनची वाट. बलभद्राने सहा महिने वाहिलं. मी तीन वर्षं वाहत होते, आणि वर म्हणत होते की मला ध्यानाला जागा चांगली मिळत नाही.

"बाळ्या, चुकलं रे माझं," एवढंच तोंडातून आलं. मग रडले. वाऱ्यात कुणाला ऐकू गेलं नसेल. किती वेळ बसले ठाऊक नाही. अठ्ठेचाळीस मिनिटं नक्कीच नव्हती. त्याला ध्यान म्हणायचं की आर्तध्यान, हे पंडितजींना विचारायचं धाडस अजून झालेलं नाही.

परत आल्यावर दहा दिवसांनी मी पैठणीखालचं पाकीट काढलं आणि भावजयीकडे गेले. न सांगता गेले. ती अंगणात हरभरा निवडत बसली होती. मी पाकीट पुढे केलं. म्हटलं, "यावर सही करायची राहिली होती."

तिने कागद उलगडला, बघितला आणि शांतपणे म्हणाली, "अक्का, हा त्यांच्या नावानं केलेला. आता ह्याचा काय उपयोग?"

माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ज्याच्या नावाने हक्क सोडायचा तोच राहिला नव्हता. तीन वर्षं मी जे घडीखाली जपलं, जे सामायिकात समोर यायचं, तो नुसता मेलेला कागद होता. त्याने तो असा का पाठवला हे मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. कदाचित तिलाही माहीत नसेल. काही प्रश्न आता कायमचे तसेच राहणार.

मी तिला म्हटलं, "नवा करू. तुझ्या आणि पोरांच्या नावानं. हक्क लिहून देते, माहेर तेवढं ठेव."

ती म्हणाली, "माहेर कुठं कागदावर असतंय होय अक्का? बसा, भाकरी टाकते. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या."

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, नाहीतर गैरसमज होईल. मी सही केली म्हणून प्रत्येकीने करावी असं मुळीच नाही. २००५ च्या कायद्याने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच वाटा दिलाय. ज्या बहिणीला गरज आहे तिने तो मागावा, घ्यावा, त्यात पाप नाही. क्षमा म्हणजे हक्क सोडणं असं जर कुणी तुम्हाला सांगत असेल तर ते ऐकू नका. मला घर नको होतं, मला विचारलं जायला हवं होतं. हक्क आणि राग या दोन वस्तू वेगळ्या आहेत, आणि मी रागाला हक्काचं नाव देऊन कपाटात ठेवलं होतं. एवढंच माझ्यापुरतं.

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी थोडं व्यवहाराचं.

हिवाळ्यात किंवा फेब्रुवारीपर्यंत जा. नंतर कातळ तापतो आणि अनवाणी पायांना चटके बसतात. पहाटेच चढा, बॅटरी प्रत्येकीकडे हवी. गुडघ्यांचा त्रास असेल तर संकोच न करता डोली करा. गाळून उकळलेलं पाणी सोबत घ्या, बाटली दोन घोट राखून प्या. वर वारा फार, त्यामुळे कान झाकायला रुमाल आणि बसायला जाड सतरंजी न्या. रबरी चटई नको, ती कुठे जाते ते सांगितलंच आहे. बसण्याआधी जागा मऊ कापडाने झाडा. आसनं साधी करा, आणि कड्याच्या कडेला तोलाची आसनं बिलकुल नकोत. फोटो आधी काढून घ्या आणि मग फोन पिशवीत टाका, म्हणजे डोळे मिटल्यावर हात तिकडे जात नाही. परिक्रमेच्या वाटेवर घाई करू नका, एकामागे एक चाला.

आणि वर गेल्यावर ध्यान लागलं नाही तर निराश होऊ नका. आचार्य पूज्यपादांनी 'समाधितंत्रा'त म्हटलंय त्याचा भाव असा, की हे गाव, हे अरण्य असा निवासाचा भेद आत्मा न दिसलेल्यांचा; ज्याला तो दिसला त्याची राहायची जागा आत्माच. मी अजून पहिल्याच गटात आहे. मला डोंगर लागला. पण डोंगराने मला दिलं ते त्याच्या दृश्यातून नाही, त्याच्या दगडातून दिलं.

घरी मी सामायिकाला पूर्वेच्या खिडकीपाशी बसायची. तिथून समोरचा गुलमोहर दिसतो, छान वाटायचं. आता आसन उत्तरेकडे फिरवलंय. समोर साधी भिंत, तीही मागच्या पावसात ओल आलेली. आमचे हे म्हणाले, "रंग काढून घेऊया का तेवढ्या भिंतीला?" मी म्हटलं, राहू दे.

यंदाच्या क्षमावाणीला संदेश पाठवताना मी यादी उलटी करणार आहे. ज्या नावावर बोट अडखळतं, तिथून सुरुवात.

माझ्याकडून लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर उत्तम क्षमा.